द्वारकेच्या वाटीची कहाणी

ऐका, अन्नपूर्णे माते, तुझी कहाणी. आटपाट नगरात एकदा महागाई शिरली. आज डाळ चढली, उद्या तेल चढलं, परवा गूळ दुकानातून दिसेनासाच झाला.

त्या नगरात मथुरा नावाची बाई होती. तिचं एक व्रत होतं. श्रावणी शुक्रवारी पुरण घालावं, वाटीभर शेजारी द्यावं, सासरची लेक आणून जेवू घालावी. यंदा डबे उपडे करून झाडले, पुरणापुरतं काही निघेना. मग मथुरेनं काय केलं? दार ओढून घेतलं. शेजारच्या द्वारकेची वाटी आषाढात तळलेल्या गोड कापण्या घेऊन आली होती. शेजारची वाटी रिकामी परत करू नये, ही रीत. भरायची कशानं? वाटी फळीवर पालथी घातली, द्वारकेला चुकवू लागली.

लेकीचा निरोप आला, "आई, मला न्यायला कधी येतेस?" मथुरेनं सांगून धाडलं, "गूळ मिळू दे." मग दुसरा निरोप आला. मथुरेनं सांगितलं, "डाळ उतरू दे." मग तिसरा आला, "आई, पुरण नको गं. तुझ्या हातचं काहीही चालेल. मी रोज वाटेकडे बघते." मथुरेनं पदर तोंडाला लावला.

इतक्यात दारी एक म्हातारी सवाशीण आली. "बाई, घोटभर पाणी दे." भांडी घासायला पडली होती. मथुरेनं फळीवरच्या वाटीतून पाणी दिलं. म्हातारी प्याली, वाटी न्याहाळली.

"ही तुझी नव्हे. जिची तिला दे."

"रिकामी कशी देऊ, आजी?"

"परसात काय उगवलंय?"

"टाकळा. पाला तो, फुकटचा."

"तुला मोल कुणी विचारलं?" म्हातारी म्हणाली, नि चालती झाली.

मग मथुरेनं टाकळा खुडला, परतला, वाटी भरली, शेजारचं दार वाजवलं. द्वारका कमरेवर हात ठेवून उभी.

"आलीस का बये! मला वाटलं, पुरण शिजतंय नि आम्हांला वास लागू नये म्हणून दार लावतेस!"

"पुरण कुठलं गं? डाळीचा दाणा नाही."

"माझ्याकडे मूठभर आहे. गूळ नाही, म्हणून मीच तोंड लपवून बसले."

दोघी हसल्या, दोघी रडल्या. मूठभर डाळ भिजली, टाकळ्यात पडली. त्याचाच देवीला नैवेद्य दाखवला. मग मथुरा उठली, लेकीच्या गावी गेली. लेक उंबऱ्यातच बसलेली. उठली ती आईच्या गळ्यात पडली.

घरी येऊन लेक जेवली. बोटं चाटीत म्हणाली, "आई, एवढ्यासाठी मला थांबवलंस?" मथुरेनं आणखी एक पळी वाढली.

गूळ काही उतरला नाही. मथुरेचं दार मात्र पुन्हा लागलं नाही. जशी मथुरेला तिची लेक भेटली, तशी तुम्हां आम्हां आपापली माणसं भेटोत. ही मोठ्या पातेल्याची कहाणी, एवढ्याशा वाटीत सुफळ संपूर्ण.