पदरचा शब्द

एकदा एका बंदरात एक वृद्ध दुभाषी राहत होता. सात देशांच्या भाषा त्याला येत. बोलायचा मात्र कमी. उतारवयात त्याने एक शिष्य पत्करला. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात इटलीचं एक जहाज बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटून फुटलं. एक खलाशी तेवढा वाचला. बंदरातल्या मोठ्या व्यापाऱ्याचा एकुलता मुलगा त्याच जहाजाने घरी येत होता. त्याचं प्रेतही हाती लागलं नाही. खलाशाच्या उजव्या हातावर मात्र नखांचे खोल ओरखडे होते. झटापटीचेच ते, असं गावाने पाहताक्षणी ठरवून टाकलं. गावाला ठरवायला वेळ लागत नाही.

पंचांपुढे चौकशी झाली. वृद्धाला ताप होता म्हणून दुभाषी म्हणून शिष्य गेला. मुलाचं काय झालं, असं विचारताच खलाशाने आपल्या हाताकडे पाहिलं आणि दोन लहान वाक्यं उच्चारली. दोन्हींत क्रियापद एकच होतं, ‘प्रेंदेरे’. म्हणजे घेणे. शिष्याला वाटलं, भेदरलेला माणूस तेच तेच बोलतोय.

“म्हणतोय, मी त्याला घेतलं.”

“घेतलं म्हणजे?” पंच म्हणाले. “काय घेतलं?”

सगळी सभा त्याच्याकडे पाहू लागली. व्यापाऱ्याचे डोळे तर त्याच्या ओठांवर खिळले होते. अशा वेळी ‘ठाऊक नाही’ म्हणायला छाती लागते.

“जीव,” शिष्य म्हणाला. “जीव घेतला, म्हणतोय.”

उद्याच्या ओहोटीला खलाशाला वल्ह्यांविना होडीत बसवून समुद्रात सोडायचं, असा निवाडा झाला.

शिष्याने घरी येऊन सगळं सांगितलं. वृद्धाने डोळे न उघडताच विचारलं, “त्याच्या बोलण्यात ‘जीव’ कुठे होता?”

“शब्दात नाही, अर्थात होता, गुरुजी. नुसतं ‘घेतलं’ म्हटल्यावर पंचांना काय कळणार?”

वृद्ध उठला. दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं.

“गुरुजी, अंगात ताप आहे.”

“तापाचं मी बघतो. चल.”

दिवस मावळत होता. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. वृद्धाने दोराचं एक टोक शिष्याच्या कमरेला बांधलं, दुसरं नावा बांधायच्या खुंटाला. मग शेवाळलेल्या पायऱ्यांवर त्याला पुढे घातलं, शेवटच्या पायरीवर त्याचा हात हातात घेतला आणि, काही कळायच्या आत, त्याला पाण्यात ढकललं.

पाणी थंडगार होतं. शिष्याने वृद्धाचं मनगट घट्ट पकडलं. तेवढ्यात त्याच्या घोट्यांना कशाने तरी विळखा घातला. पाणीच असणार ते. पण त्या पाण्याला बोटं होती, आणि ती एकेक करून आवळत होती. पकड निसटू लागली. नखं रुतली, तरी हात घसरतच गेला, वृद्धाच्या बोटांच्या टोकांपर्यंत. मग दोराला हिसका बसला.

पायरीवर कुडकुडत बसलेल्या शिष्यापुढे वृद्धाने आपला रक्ताळलेला हात धरला.

“ओरखडे कुठून कुठे गेलेत?”

“मनगटाकडून बोटांकडे.”

“मी तुझा जीव घेत होतो?”

शिष्याने नकारार्थी मान हलवली.

“त्यांच्या भाषेत चोराला घेतात, मुलाला कडेवर घेतात, बुडत्यालाही घेतात. आणि आपलं घेणं काय कमी आहे? माणूस श्वास घेतो, नाव घेतो. गवत पेट घेतं. रिकामं भांडं आहे ते; ओतावं तसं दिसतं. त्याची दोन वाक्यं होती. एकात घेणारा तो होता. दुसऱ्यात कोण होतं?”

शिष्याला दुसरं वाक्य आठवलं, आणि थंडीपेक्षा निराळा काटा अंगावर आला. “समुद्र,” तो म्हणाला. “मी त्याला घेतलं. समुद्राने त्याला घेतलं.”

“समुद्र तू गाळलास. आणि त्याच्या जागी पदरचा एक शब्द घातलास. उद्या त्या शब्दावर माणूस मरेल.”

सकाळी किनाऱ्यावर सारं गाव जमलं होतं. होडी तयार होती. शिष्य पंचांपुढे जाऊन म्हणाला, “मी माझा शब्द मागे घेतो. ‘जीव’ तो म्हणाला नव्हता. मी म्हणालो.”

“काल जीभ भाड्याने दिली होतीस काय रे?” पंच कडाडले.

शिष्याने खलाशाची उजवी बाही वर सारली आणि दचकला. कोरड्या कोठडीतून आणलेल्या माणसाची ती एकच बाही ओलीचिंब होती. तिच्यातून खारं पाणी ठिबकत होतं. ओरखडे आत्ताच उठल्यासारखे लाल होते. चार रेघा बोटांकडे घसरत गेलेल्या, शेवटची जरा तिरकी.

व्यापारी पुढे आला. त्याची करंगळी जन्मापासून वाकडी होती. मुलाचीही तशीच. त्याने आपली चार बोटं त्या चार रेघांवर ठेवली. ती बरोबर बसली. कितीतरी वेळ त्याने हात उचलला नाही. उचलला तेव्हा बाही कोरडी झाली होती.

“सोडा त्याला,” तो पंचांना म्हणाला. मग शिष्याकडे वळला. “विचार, शेवटी माझा मुलगा काही बोलला का?”

शिष्याने विचारलं. खलाशाने न समजलेला, नुसता कानात राहिलेला एक परका शब्द जपून उच्चारला. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

“घे.”

“घे?” व्यापाऱ्याने विचारलं. “काय घे? कुणाला म्हणाला?”

पुन्हा सगळा किनारा शिष्याच्या तोंडाकडे पाहत होता. बापाला दिलासा देतील असे दहा शब्द त्याच्या जिभेवर आले. दूर खुंटाला टेकून वृद्ध उभा होता. त्याच्या हाताला चिंधी बांधलेली होती.

“एवढंच, शेटजी,” शिष्य म्हणाला. “पुढचं मला ठाऊक नाही.”

ओहोटी लागली होती. रिकामी होडी थोडी हलली.

लेखणी हाती घेणाऱ्यांनीही दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालण्याआधी एकदा त्याचा हात पाहावा.