रापणीतली मोकळी जागा

दरवर्षी कोणीतरी पाहुणा मला किनाऱ्यावर गाठून सांगतोच, "काका, तुमचं जाळं फाटलंय." फाटलेलं नाही, बाबांनो. मोरवंडची रापण अशीच असते. रापण म्हणजे सगळ्या गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. घरोघरचे तुकडे जोडून ते बनतं. आमच्याकडे त्यात एका घराचा तुकडा जोडत नाहीत, तिथे नुसते दोर असतात. समोर पाण्याखाली ती हिरवी पट्टी दिसते ना, तिच्यामुळे हे असं. आणि तिला शेवाळ म्हणू नका, मला राग येतो. ते गवत आहे. त्याला मुळं असतात, पाण्यातच फुलतं.

असं सांगतात, की फार पूर्वी हे गवत इथल्या अख्ख्या उथळ पाण्यात होतं. कासवं चरायला यायची. वेसू तांडेल तेव्हा रापणीचा प्रमुख. त्याला या गवताचा भारी जाच. जाळं अडकायचं, बायकांची दुपार त्यातलं गवत वेचण्यात जायची. एका मोठ्या ओहोटीला त्याने होड्यांमागे नांगर बांधले आणि शेत नांगरावं तसं सगळं उपटून काढलं. त्याची बायको शेवंती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओरडत होती म्हणे, "अवो, थंय पिल्लां आसत! माशांची पिल्लां!"

वेसू हसला. त्या हंगामात रापण कुठे अडकली नाही, भरभरून आली. गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

पुढच्या वर्षी पाणी गढूळ झालं. वाळू धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. पिल्लांना लपायला जागा नाही, मग मोठे मासे कुठून येणार? रापण रिकामी येऊ लागली. तेव्हा वेसूचा एकुलता झील, म्हणजे मुलगा, जिवा लहानशी होडी घेऊन खडकांपलीकडे खोल समुद्रात जाऊ लागला. एका सकाळी गेला तो परत आलाच नाही. त्याचं वल्हं तेवढं किनाऱ्याला लागलं.

शेवंतीने नवऱ्याला बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "आपल्या वाट्याचा जाळा माका होया."

वेसूने स्वतःच्या हाताने टाके तोडून तो तुकडा सोडवला. शेवंती त्याच्या गाठी सोडवून सूत मोकळं करायची. पलीकडच्या खडकांत थोडं गवत उरलं होतं, त्याची रोपं आणायची, सुताने दगडाला बांधून वाळूत लावायची. बरीचशी लाटा घेऊन जायच्या. ती पुन्हा लावायची. वेसू दगड आणून द्यायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत. वर्षं गेली. सूत संपत आलं तोवर शेवंतीची नजरही गेली होती.

मग एका ओहोटीला ती पाण्यात उभी असताना पोटऱ्यांना गवत लागलं, आणि इवलंसं काहीतरी पायाला लुचलं. माशाचं पिल्लू होतं.

"इलो! अवो, आपलो झील इलो!" ती ओरडली.

वेसू शेजारीच होता. त्याने पाण्यात नीट पाहिलं, म्हणे, आणि म्हणाला, "व्हय. इलो."

आजही त्या पट्टीवर कोणी नांगर टाकत नाही. आजही रापण जोडताना आम्ही त्या घराची जागा मोकळी सोडतो. जाळं किनाऱ्याजवळ आलं की तिथून मासे निसटतात. चांगले मोठे असतात, जीव तुटतो. पण हात कोणी घालत नाही. दोर ओढणारं कोणीतरी हळूच म्हणतं, "जांव दे. जिवा घराक जाता."