बरणीची गाठ

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताला गुण होताच, पण गावाला खरे अप्रूप होते ते त्यांच्या मौनाचे. त्यांच्या माजघरात भिंतभर फळ्या होत्या आणि त्या फळ्यांवर प्रत्येक घराची एकेक बरणी. त्या घरची औषधे त्या बरणीत. तोंडाला फडके आणि फडक्यावर वैद्यबुवांच्या हातची गाठ. कोणाला झोप लागत नाही, कोणाची कूस उजवत नाही, कोण चोरून पितो आणि सकाळी पोट धरून बसतो, हे सारे त्या बरण्यांना ठाऊक असे, आणि बरण्या बोलत नसत. एकदा खुद्द पाटील लेकीच्या सोयरिकीआधी होणाऱ्या व्याह्यांची चौकशी करायला आले. वैद्यबुवांनी त्यांना गार ताक दिले, पिकापाण्याची विचारपूस केली आणि पेला रिकामा होताच दारापर्यंत पोचवले. आपल्याला उत्तर मिळालेलेच नाही, हे पाटलांच्या ध्यानात आले तेव्हा ते स्वतःच्या ओसरीवर बसलेले होते. असे दिवस होते ते, आणि अशी माणसे.

वैद्यबुवांकडे एक तरुण शिष्य होता. त्याच गावचा, लहानपणीच वडील गेलेला. विद्या सुरू करण्याआधी वैद्यबुवांनी त्याला त्या फळ्यांसमोर उभे केले होते आणि बरणीवर हात ठेवून वदवून घेतले होते, “ज्या घरचे, त्याच घराला.” शिष्याने ते शब्द इतके मनावर घेतले, की त्याची आईसुद्धा शेजारणीच्या खोकल्याविषयी त्याला विचारायला कचरत असे.

एके दिवशी वैद्यबुवांना कणकण होती, म्हणून त्यांनी गावातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी औषध पोचवायला शिष्याला पाठवले. हा व्यापारी गावात वजनदार माणूस. देवळाच्या उत्सवात पुढे, पंगतीत वाढायला पुढे, बोलणे साखरेसारखे. त्याच्या घरी त्याचे चुलते राहत असत, येसबाकाका. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू निकामी आणि जीभ जड झालेली. त्यांना झोप यावी म्हणून ते चूर्ण होते.

आता येसबाकाका म्हणजे कोण, हे त्या गावात कोणाला सांगावे लागले नसते. गावची दोन पिढ्यांची पोरे त्यांनी नदीत पोहायला शिकवली होती. उन्हाळ्याची सकाळ, डोहाचे हिरवे पाणी, काठावर कुडकुडणाऱ्या पोरांची रांग, आणि छातीभर पाण्यात उभे असलेले काळेभोर, धिप्पाड येसबाकाका. ते पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधत. दोरीला अशी गाठ मारत, की पोराने कितीही हातपाय झाडले तरी सुटायची नाही. “काका, बुडेन ना मी!” असे कोणी केकाटले, की त्यांचे एकच उत्तर असे, “मी आहे ना रे!” आणि मग एखाद्या सकाळी, पोर ऐन रंगात हात मारत असताना, ते हळूच मागून गाठ सोडून घेत. पोर काठाला लागून मागे पाही, तर भोपळा काकांच्या काखेत. शिष्यही असाच शिकला होता. बापाचा हात कसा असतो हे त्याला आठवत नव्हते. पाण्याखाली पोटाला आधार देणारा येसबाकाकांचा तळवा मात्र त्याला लख्ख आठवत होता.

म्हणून तो त्या घरी आनंदानेच गेला. व्यापाऱ्याने त्याला मागच्या खोलीत नेले. खोलीला खिडकी होती, पण ती बाहेरून लावलेली होती. खाटेवर जे पडले होते ते येसबाकाका आहेत हे पटायला शिष्याला थोडा वेळ लागला. त्यांचा चांगला हात चादरीबाहेर आला आणि शिष्याने पाहिले, मनगटाभोवती दोरीचे वळ होते, जुन्यावर नवे.

“खाटेवरून पडतात हो,” दारात उभा असलेला व्यापारी म्हणाला, “म्हणून बांधावं लागतं. आमच्या जिवाला काय वाटत असेल, ते आम्हालाच ठाऊक.”

शिष्य खाटेवर वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “काका, वैद्यबुवांना सांगू?”

येसबाकाकांनी दाराकडे पाहिले आणि मान हलवली. नको.

शिष्य परतला तो गप्पच. जीव तुटत होता, पण ज्या घरचे त्याच घराला. शिवाय काकांनीच नको म्हटलेले. त्यानंतरच्या दिवसांत त्याने दोनदा काढा करपवला आणि एकदा सुंठीच्या जागी वेखंड उगाळले. तेव्हा वैद्यबुवांनी खल बाजूला सारला.

“वेखंडाचा वास न येणारं नाक तुझं नाही. काय झालंय?”

शिष्याला रडू फुटले. त्याने सगळे सांगितले. वैद्यबुवांनी एवढेच विचारले, “त्यानं नको म्हटलं, तेव्हा तो कोणाकडे बघत होता?”

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा स्वतः तिकडे गेले. व्यापाऱ्याला त्यांनी दूध आणायला धाडले. चूर्ण कोमट दुधातच द्यायचे, आणि ते घरच्या कर्त्यानेच स्वतःच्या हाताने कोमट करायचे, असे तोंड गंभीर ठेवून सांगितले. आयुष्यात कधी चुलीकडे न फिरकलेला तो गृहस्थ आत गेला. दार लोटून वैद्यबुवा खाटेशी बसले आणि म्हणाले, “येसबा, आता दारात कोणी नाही. तुला इथून बाहेर काढायचं, तर मला चार माणसांशी बोलावं लागेल. बोलू का?” येसबाकाकांनी त्यांचा हात धरला आणि व्यापारी दूध घेऊन येईपर्यंत सोडला नाही.

त्याच दुपारी, गाव जेवून आडवे झालेले असताना, वैद्यबुवांनी दोघांना बोलावले. एक हाड बसवणारे वृद्ध गृहस्थ, दुसरे घरोघरी जाऊन हजामत करणारे गावचे नाभिक. दोघेही आपापल्या कामात चोख आणि तोंडाचे घट्ट. वैद्यबुवांनी दार लावले, फळीवरून त्या व्यापाऱ्याच्या घरची बरणी उतरवली, मध्ये ठेवली, आणि तिची गाठ सोडली.

शिष्याच्या अंगावर काटा आला. परक्या माणसांदेखत त्या माजघरातली एकही गाठ आजवर सुटली नव्हती. ज्या हातांनी पाटलांना ताक पाजून परत धाडले, तेच हे हात?

वैद्यबुवांनी बरणीतून एकच पुडी काढली आणि फडके पुन्हा बांधून टाकले. “हे झोपेचं चूर्ण. चुलते रात्री ओरडतात, असं पुतण्या म्हणाला, म्हणून मी देत आलो. का ओरडतात, हे मी विचारलं नाही. आता तुम्ही सांगा. येसबाचं सांगा, त्या घरातलं दुसरं काही नको.”

हाड बसवणारे गृहस्थ चाचरले. “पावसाळ्यात खांदा बसवला होता. पडले म्हणाले. मग बरगडी. तीही पडूनच, म्हणाले. मनात आलं होतं माझ्या, पण म्हटलं, मोठ्या घरची गोष्ट, आपण कशाला बोला.”

“कानामागं जखमा असतात,” नाभिक खाली बघत म्हणाले. “चौकट लागली, असं घरचे मला सांगतात. दर खेपेला तीच चौकट. आणि केस कापताना हात नुसता वर केला, तरी काका डोकं झाकून घेतात.”

तिघांकडे एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाने आपला तुकडा नीट सांभाळून ठेवला होता. तिघेही सज्जन, तिघेही शब्दाचे पक्के. आणि त्या सज्जनपणाच्या आडोशाला एक म्हातारा माणूस रोज मार खात होता.

तिघे मिळून पाटलांकडे गेले. संध्याकाळच्या आत चार गडी जाऊन येसबाकाकांना खाटेसकट उचलून घेऊन आले आणि वैद्यबुवांच्या ओसरीवर त्यांचे अंथरूण पडले.

दुसऱ्या दिवशी पारावर पंचायत भरली. व्यापारी संतापाने थरथरत होता. “विश्वासानं बरणी ठेवली होती तुमच्याकडे, वैद्यबुवा! माझ्या घरची बरणी!”

“घराची म्हणतो आपण,” वैद्यबुवा म्हणाले, “पण औषध घर घेत नाही, माणूस घेतो. ती पुडी येसबाची होती. तिच्यावरचं मौनही येसबाचं होतं, तुमचं नव्हे. मी त्याला विचारलं आणि मग उघडलं.”

तेवढ्यात व्यापाऱ्याचा एक जुना वैरी पुढे सरसावला. डोळे लकलकत होते. “गाठ सुटलीच आहे, तर होऊन जाऊ द्या सगळं. आणखी काय काय आहे हो त्या बरणीत?”

व्यापाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. वैद्यबुवांनी त्या माणसाकडे शांतपणे पाहिले.

“ताक घेणार का?” ते म्हणाले.

पाटलांना हसू आवरेना. त्यांनी मिशीवर हात फिरवण्याच्या निमित्ताने तोंड झाकले. पुढे कोणी काही विचारले नाही. व्यापाऱ्याला त्याची शिक्षा मिळाली, ती इथे सांगण्याचे कारण नाही. त्या दिवसापासून त्याची मान वर झाली नाही, एवढे पुरे.

घरी येताना शिष्य मागे मागे चालत होता. शेवटी त्याच्याने राहवले नाही. “बुवा, काल तुम्ही गाठ सोडलीत आणि आज त्याच बरणीसाठी ओठ मिटलेत. मी कोणतं शिकायचं?”

वैद्यबुवा नदीच्या पायऱ्यांवर टेकले. त्यांना दम लागला होता.

“येसबानं तुझ्या पाठीला भोपळा बांधला होता ना? कशासाठी?”

“बुडू नये म्हणून.”

“आणि समजा तीच दोरी पाण्यात तुझ्या गळ्याभोवती आवळली असती, तर गाठ आपल्या हातची आहे म्हणून येसबा बघत उभा राहिला असता का? बाळा, आपलं मौन ही तशीच दोरी आहे. दुबळ्या माणसाची लाज, त्याचं दुखणं जगापासून वाचावं, म्हणून बांधलेली. तिच्यामुळं तोच बुडायला लागला, तर ती सोडायची. पण सोडायची ती त्याला वाचवण्यापुरती. जमल्यास आधी त्यालाच विचारायचं, आणि विचारताना दारात कोण उभं आहे ते बघायचं. ज्याला सांगून तो वाचेल, त्यालाच सांगायचं. बाकीच्यांची करमणूक करायला आपण बरण्या भरत नाही.” मग ते पाण्याकडे बघत म्हणाले, “मी उशीर केला. चूर्ण देत राहिलो. तेही शिकून ठेव.”

ते बोलणे पाटलांच्या कानी गेले आणि पंचायतीने गावाचा कायदाच करून टाकला. जो माणूस वयाने मोठा पण स्वतःला सोडवू शकत नाही, त्याच्यावर जुलूम होत असल्याची शंका आली, तर त्याचे ज्यांना ज्यांना ठाऊक त्यांनी दार लावून एकत्र बसावे. लागेल तेवढेच बोलावे. बोललेले त्या दाराबाहेर वाऱ्यावर जाऊ नये. आणि ज्याने गाठ सोडली, त्याने ती का सोडली याचा जाब पंचायतीला द्यावा. पुढे वैद्यबुवा गेले, पाटील गेले, कायदा राहिला.

येसबाकाका हळूहळू सावरले. उन्हाळा आला तसे ते ओसरीवरून नदीच्या दिशेला बघत राहू लागले. एका सकाळी शिष्याने त्यांना पाठीवर घेतले आणि डोहावर नेले. माळ्यावरून आणलेला वाळका भोपळा त्याने काकांनीच शिकवलेली गाठ मारून त्यांच्या पाठीला बांधला. पाणी कमरेला लागताच काकांनी चांगल्या हाताने शिष्याचा दंड घट्ट धरला.

“मी आहे ना, काका!” शिष्य म्हणाला, आणि त्याने आपला तळवा त्यांच्या पोटाखाली धरला.

पाण्याने त्यांना ओळखले. निकामी बाजू तरंगू लागली, चांगला हात वल्ह्यासारखा फिरू लागला. आणि मग शिष्याने पाहिले, तो हात मागे गेला आहे आणि चाचपडत गाठ शोधतो आहे.

“सोडू?” शिष्याने विचारले.

येसबाकाकांनी मान वळवली. काठाकडे नाही, आणखी कोणाकडेही नाही. त्यांनी सरळ शिष्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि हो म्हटले.

त्याने गाठ सोडली. भोपळा काखेत धरून, एक तळवा पाण्याखाली तसाच ठेवून, तो त्यांच्या शेजारून चालत राहिला.