मेलेल्या वानराचे पाय

शोणपुरात महीसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व घाटमाथ्यावरच्या एका जुन्या रानात वानरांचा राजा म्हणून जन्मले होते. रानाच्या कडेला करंजवन हे गाव होते आणि रोहण नावाचा गृहस्थ त्या गावाचा प्रमुख होता.

करंजवनात एक रीत होती. वानर मेला की त्याला माणसासारखा निरोप द्यायचा. प्रमुखाच्या घरच्या बाईने त्याला न्हाऊ घालायचे, नवे वस्त्र नेसवून मखरात बसवायचे आणि साऱ्या गावाने त्याच्या पायांवर डोके ठेवायचे.

राजाला विड्याच्या सुपारीसाठी पोफळीच्या बागा हव्याशा झाल्या. वनाधिकारी पिंगलाने रानाचा मोठा पट्टा तोडून काढला. उघड्या जमिनीवर झुडपे माजली, त्यांत गावची गुरे चरू लागली. आणि वानर मरू लागले.

भर दुपारी वारा नसताना फांदी हाले आणि खाली धप्प आवाज होई. उरलेले वानर ओरडत नसत, पळत नसत. गावाकडे तोंड करून नुसते बसून राहत. मग ताप माणसांत आला. डोळे लाल होत, हिरड्यांतून रक्त येई. वानरांना न्हाऊ घालणारी रोहणाची बायको सर्वांआधी गेली. तिचे काम लेकीकडे, मेखलेकडे आले.

रोहण पिंगलाकडे गेला. म्हणाला, "तोड थांबवा, मायबाप. रान कोपलंय."

"माकडं मरतात म्हणून राजाने विडा खायचं सोडायचं का?" पिंगल हसला. "कोप झालाय ना? मग पूजा वाढवा." आणि त्याच दिवशी त्याने आपला तळ नदीपलीकडे हलवला.

गावाने पूजा वाढवली. आणखी माणसे मेली.

एकदा रोहण रानाच्या कडेला गेला असता वरून आवाज आला, "तिथेच थांब. जवळ येऊ नकोस."

फांदीवर वानरराज बसले होते. त्यांचे डोळे लाल होते.

"आमचं काय चुकलं, देवा?"

"मी देव नाही, मी आजारी आहे. नीट ऐक. हे दुखणं या रानात फार जुनं आहे. गोचीड ते अंगात घेऊन फिरते. आत दाट सावलीत ती उंदराघुशींवर जगायची, तुमच्यापर्यंत पोचत नव्हती. झाडं तुटली, झुडपं वाढली, गुरं आली. तिला वाट मिळाली. आमच्यातला कोणी मेला, अंग थंड पडलं की ती केसांतून बाहेर निघते. नेमकी तेव्हाच तुम्ही पायांवर डोकी ठेवता."

रोहणाच्या डोळ्यांपुढे मेलेल्या वानराचे केस विंचरणारे मेखलेचे हात आले.

"मग मेलेल्याला तसाच टाकू? वाडवडिलांना काय सांगू?"

"त्यांच्या वेळी रान उभं होतं, असं सांग. मी कळपाला आत नेतो. वाटेत कोणी पडला तर हात लावू नका. मी पडलो तरी."

दुखणाईत वानरांना गावाने वाहिलेली केळी सोडवत नव्हती. रानात फळे शोधण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. तरी बोधिसत्त्वांनी त्यांना उठवले, कारण ते इथे राहिले तर माणसे मरणार होती. दुसऱ्या दिवशी तुटक्या बुंध्यांमधून वानरांची रांग निघाली. आयांच्या पोटाला पिल्ले बिलगली होती. झाडी त्यांना एकेक करून गिळत गेली. सर्वांत मागे राहिलेले वानरराज झुडपांत कोसळले, ते उठलेच नाहीत.

गाव मखर घेऊन आले. मेखलेने घागर उचलली. रोहण आडवा उभा राहिला.

"राजाला कावळ्यांपुढे टाकतोस?" एक म्हातारी म्हणाली. "बायको गेली तशी श्रद्धाही गेली का रे तुझी?"

"त्यानेच सांगितलंय, हात लावू नका."

"खरं ना, बाबा?" मेखलेने विचारले.

"तुझी आई अशाच पायांनी नेली, पोरी."

मेखलेने उभ्या जागीच घागर उपडी केली आणि लांबूनच हात जोडले. म्हातारी बराच वेळ पुटपुटत राहिली. मग तिनेही जोडले.

गुरे झुडपांतून मागे घेतली, तसा ताप ओसरला. पुढच्या थंडीत पिंगलाने तोडीला माणसे मागितली, तेव्हा करंजवनातून कुऱ्हाड धरायला एकही हात गेला नाही.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान भिक्षूंना म्हणाले, "तो पिंगल आज देवदत्त आहे, रोहण आनंद, आणि मेखला उत्पलवर्णा. झुडपांत पडलेला तो वानर मीच होतो." मरतानाही दुसऱ्याला आपल्यापासून वाचवणारी ती सर्व जिवांवरची मैत्री होती.