आढ्याजवळचा झरोका

पूर्वी कंपिल्ल नगरीत उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या खुराड्यात कोंबडा होऊन जन्मला. खुराडे कसले, चांगले लांबलचक घरच होते ते. अंड्यावर आलेल्या दोनशे कोंबड्या तिथे होत्या आणि भद्रवती नावाची विधवा त्यांची राखण करीत असे.

आदल्या हिवाळ्यात तिच्या अकरा कोंबड्या गारठून मेल्या होत्या. ते तिच्या मनातून जाईना. या खेपेला धुके पडू लागताच तिने भिंतींच्या फटी लिंपल्या, दाराला घोंगडी लावली आणि आढ्याजवळचा झरोकाही पेंढ्याने बुजवला. चौथ्या दिवशी छपरातून पाणी ठिबकू लागले. खालचा भुसा भिजला, डोळ्यांना झोंबणारा दर्प सुटला, कोंबड्या चोची उघडून धापा टाकू लागल्या. अंडी निम्म्यावर आली. भद्रवतीला वाटले, वरून दव झिरपते आहे. तिने छपरावर गवत चढवले. पाणी वाढले. तिने आणखी चढवले. माणूस घाबरला की चुकलेलेच पुन्हा करतो.

बोधिसत्त्व म्हणाला, "बाई, हे दव नाही. आम्हा दोनशे जिवांचा श्वास आहे. झरोका उघड."

"आता कोंबडा मला शहाणपण शिकवणार!" भद्रवती म्हणाली.

मग तो रोज उडून पेंढा उपसू लागला. गार वारा इतरांना लागू नये म्हणून झरोक्याखाली स्वतः बसू लागला. कोंबड्यांनी त्यालाच शिव्या दिल्या. "उबेत बसलो होतो, तर याच्या पोटात दुखलं!" भद्रवती पेंढा पुन्हा कोंबी.

सातव्या सकाळी तीन कोंबड्या मेलेल्या सापडल्या आणि पेंढा खाली पडलेला.

"तूच गारठवून मारलंस यांना!" तिने त्याला घरात ओढत नेले, शेणाने सारवलेल्या डालग्यात टाकले, वर अंगणातली गार काशाची परात झाकली आणि ती सुरीला धार लावायला बसली. तो अंड्यातून बाहेर आला तेव्हा तिनेच त्याला ओंजळीत घेतले होते. तिला रडू येत होते.

धार लागली. तिने परात उचलली, आणि आतल्या बाजूचे पाणी तिच्या पायांवर ओघळले.

बोधिसत्त्व म्हणाला, "तुझ्या घरात दव पडलं का, बाई? मी एकटाच इथे श्वास घेत होतो. हवी तर मान काप. पण आधी झरोका उघड. तिकडे त्या गुदमरताहेत."

सुरी टाकून ती धावली. शिडीवर चढून तिने पेंढा ओढला. भाताच्या भांड्यावरचे झाकण काढावे तशी वाफ उसळली.

"अगं बाई, मीच मारत होते यांना," म्हणून ती शिडीवरच बसून रडली. दुसऱ्या दिवशी थंडी तशीच होती, पण छप्पर कोरडे होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, वसुमती उपासिकेला सांगितली. आजारी भिक्षूंना वारा लागू नये म्हणून तिने त्यांच्या कुटीच्या साऱ्या जाळ्या चिंध्यांनी बुजवल्या होत्या. शास्ते म्हणाले, "तेव्हाची भद्रवती तू. कुरकुरणाऱ्या कोंबड्या म्हणजे हे भिक्षू. कोंबडा मी होतो."

"भन्ते, सुरी पाहून माझा राग नाही आला?"

"तूही त्या कोंबड्यांच्याच मायेने वेडी झाली होतीस. राग कुणाचा धरू?"

वसुमती उठली आणि चिंध्या काढायला गेली. आपल्या गळ्याआधी दुसऱ्याचा श्वास आठवणे, याला करुणा म्हणतात.