आई पाहून निवडलेला घोडा

घोड्याशिवाय कुठे लांब जाता येत नसे, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराळ मुलखात एक बहीण आणि एक भाऊ राहत होते. बहीण मोठी, तिचं नाव येसा. भाऊ धाकटा, त्याचं नाव सुभानजी. त्यांचे वडील घोड्यांची पैदास करायचे. जग सोडून जाताना त्यांनी आपली पागा दोघांना निम्मी निम्मी वाटून दिली. येसा लवकर विधवा होऊन माहेरी परतली होती. घोडे हाच तिचा संसार. सगळा गाव तिला येसाक्का म्हणायचा.

त्या मुलखाच्या सरदाराकडे एक पांढराशुभ्र वळू घोडा होता. मान धनुष्यासारखी, आयाळ रेशमासारखी, आणि धावायला लागला की टापा जमिनीला लागतात की नाही असं वाटावं. एके वर्षी सरदाराने दवंडी पिटवली, "ज्यांना आपल्या घोड्या या वळूला लावायच्या असतील त्यांनी खुशाल आणाव्यात."

सुभानजी आनंदाने उड्या मारतच घरी आला. "अक्का, नशीब उघडलं आपलं! उद्याच घोड्या घेऊन निघू."

"आधी मी बघून येते," येसाक्का म्हणाली.

"बघायचं काय त्यात? अख्ख्या मुलखाने बघितलाय तो घोडा."

"तो बघितलाय. त्याची आई कुणी बघितलीय?"

दुसऱ्या दिवशी येसाक्का सरदाराच्या पागेत गेली. पांढरा घोडा पाहून तिलाही क्षणभर भान राहिलं नाही. इतकं देखणं जनावर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिने घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला विचारलं, "याची आई कुठे आहे? आणि याची शिंगरं?"

मोतद्दाराने बाही वर करून दंडावरचा दातांचा व्रण दाखवला. "हे आईचं देणं, बाई. तिला दोन खुंटांना बांधून ठेवावं लागतं. शिंगरांचंही तेच. पळतात मात्र झकास. पण पान सळसळलं तरी बिथरतात."

येसाक्काने त्याचे आभार मानले आणि ती परत फिरली.

नंतर कितीतरी दिवस ती गावोगाव हिंडत राहिली. बाजारात जायची, ओढ्याकाठी बसायची, लोकांची घोडी निरखायची. असंच एकदा ती कुंभारांच्या एका गावात पोहोचली. तिथे मातकट रंगाचा एक घोडा झाडाखाली चरत उभा होता. तेवढ्यात मागे मडक्यांची उतरंड धडाधड कोसळली. माणसंसुद्धा दचकली. त्या घोड्याने कान वळवले, मान फिरवून काय झालं ते पाहिलं, आणि पुन्हा गवताला तोंड लावलं.

येसाक्का तिथेच थांबली. तिने त्याची आई पाहिली. म्हातारी घोडी होती, नुकतीच व्यालेली. अनोळखी बाईने शिंगराच्या अंगावरून हात फिरवला, तर घोडीने फक्त तिचा पदर हुंगला. तिने त्याच्या बहिणी पाहिल्या. एकीच्या पाठीवर पोरं लोंबकळत होती, दुसरी भट्टीच्या धुराशेजारी निवांत उभी होती. येसाक्काच्या मनातला गोंधळ तिथे संपला. आपल्या घोड्यांसाठी तिने तो मातकट घोडा निवडला.

गावात हसू झालं. "सरदाराचा वळू सोडून कुंभाराचा घोडा!" लोक म्हणायचे. सुभानजीला तर रडू यायचंच बाकी होतं.

"अक्का, बाबांची पागा आहे ही. तू तिची माती करतेयस."

"मला वेगवान घोडा नकोय असं नाही रे," येसाक्का म्हणाली. "पण आपल्या घोड्यांवर कोण बसतं? म्हातारी माणसं बसतात, पोटुश्या बायका बसतात, लेकरं बसतात. त्यांना सांभाळणारं रक्त मला हवंय."

तिची स्वतःची एक काळी घोडी होती, पागेतली सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत भित्री. येसाक्काचा तिच्यावर फार जीव. स्वतःच्या हाताने ती तिला गूळ भरवायची. पण त्या घोडीचं शिंगरू तिने होऊ दिलं नाही. "माझी लाडकी आहेस तू," ती घोडीला म्हणायची, "पण तुझी भीती मी पुढे कुणाला देणार नाही." त्या दिवसांत तिला फार जड गेलं ते.

सुभानजीने मात्र आपल्या वाट्याच्या घोड्या सरदाराच्या वळूलाच लावल्या. वर्षं सरली. सुभानजीची शिंगरं मोठी झाली. पांढरीशुभ्र, उंच, तेजतर्रार. जत्रेतल्या शर्यती तीच जिंकायची. सुभानजीनेही त्यांच्यावर मेहनत घेण्यात काही कमी ठेवली नव्हती. पोटच्या पोरांसारखं त्यांना वाढवलं, कधी चाबूक उगारला नाही. येसाक्काचे मातकट घोडे मात्र बुटके, रुंद पाठीचे. शर्यतीच्या दिवशी ते म्हाताऱ्यांना बसवून जत्रा दाखवायचे.

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, डोंगराला वणवा लागला.

वर पठारावर त्या दिवशी गावातल्या बायका लेकरांना घेऊन करवंदं वेचायला गेल्या होत्या. सुभानजीची मुलगी मैनाही त्यांच्यात होती. खालून आग वर चढत होती, आणि पठारावरून उतरायला एकच अरुंद वाट होती. एका अंगाला खोल दरी, दुसऱ्या अंगाला वाळकं गवत. आग अजून वाटेपर्यंत पोहोचली नव्हती, पण धुराने वाट भरली होती. धुरातून लेकरांना चालवत आणलं असतं तर ती मध्येच गुदमरून पडली असती.

सुभानजी धावतच पागेत गेला आणि आपला सगळ्यांत वेगवान घोडा घेऊन निघाला. वाटेच्या तोंडाशी धुराचा लोट आला. घोडा दोन पायांवर उभा राहिला. सुभानजी खाली पडला. उठून त्याने लगाम धरला, गोंजारलं, विनवण्या केल्या. घोड्याच्या तोंडाला फेस आला, डोळे पांढरे झाले. शेवटी लगाम हिसकावून तो गावाकडे सुसाट पळाला. दुसरा घोडा आणला, त्यानेही तेच केलं. सुभानजी वाटेवर गुडघ्यांवर बसला आणि "मैना, मैना" म्हणून ओरडू लागला.

तेवढ्यात मागून येसाक्का आली. तिच्यामागे मातकट घोड्यांची रांग होती. तिने ओली फडकी आणली होती. एकेका घोड्याच्या डोळ्यांवर ती फडकं बांधत गेली.

"आंधळे करून नेतेस त्यांना?" सुभानजीने विचारलं.

"आग दिसायला नको. माझा आवाज ऐकू आला की पुरे. ऊठ, शेवटच्या घोड्याचा लगाम धर."

पुढची घोडी त्या कुंभारांच्या गावातल्या घोड्याची थोरली लेक होती. धूर नाकात गेला तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला. येसाक्का म्हणाली, "चल ग बाय." घोडीने पाऊल टाकलं. एकामागून एक सगळे घोडे चालू लागले आणि पठारावर पोहोचले.

लेकरांना पाठींवर बसवलं, जिथे दोघं मावली तिथे दोघं, तिघं मावली तिथे तिघं. बायकांनी तोंडाला पदर बांधून शेपट्या धरल्या. मैना पुढच्या घोडीवर होती. उतरताना आग वाटेला येऊन भिडली. वरच्या झाडाची एक जळती फांदी तुटली आणि निखारे घोडीच्या मागच्या अंगावर पडले. कातडं जळाल्याचा वास आला. तिने एक उडी मारली असती तरी मैना आणि तिच्या मागे बसलेलं पोर दरीत गेलं असतं.

घोडी थरथरली. तिच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. पण चारही पाय तिने जागच्या जागी रोवून धरले. येसाक्काने पदराने निखारे झटकले, तिच्या गळ्याला गाल लावला आणि म्हणाली, "थोडंच राहिलं, बाय." घोडी पुन्हा चालू लागली.

सगळी लेकरं सुखरूप खाली आली. मैनाला तिच्या आईने उचलून घेतलं, तरी ती घोडीची आयाळ सोडेना.

संध्याकाळी सुभानजी कोरफड घेऊन आला आणि घोडीच्या जखमांवर गर लावत बसला. मग म्हणाला, "माझे घोडे भेकड निघाले, अक्का. तोंड बघू नये असं वाटतं त्यांचं."

"त्यांना बोल लावू नकोस," येसाक्का म्हणाली. "तुझा घोडा पळाला तेव्हा त्याचे डोळे पाहिलेस ना? किती घाबरलं होतं बिचारं. घाबरायचं त्याने स्वतःहून ठरवलं होतं का? ते त्याच्या जन्माआधीच ठरलं. कुणासाठी कुठलं रक्त निवडायचं, ते आपण माणसं ठरवतो. त्या मुक्या जिवांना कुणी विचारत नाही."

सुभानजीचा हात थांबला. त्याने मान खाली घातली.

"उघड्या माळावर पळू दे त्यांना," येसाक्का हलक्या आवाजात म्हणाली. "तिथे ते सुखी असतात. त्यांच्यावरची माया कमी करू नकोस. फक्त पुढची शिंगरं आपण दोघं मिळून ठरवू."

सुभानजी उठला आणि आपल्या पागेत गेला. पळून आलेला पांढरा घोडा कोपऱ्यात अजून कापत उभा होता. सुभानजीने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

ऐकणाऱ्याने या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य असं: वेग आणि रूप पाहून सगळेच भुलतात, पण ज्याच्या पाठीवर आपलं लेकरू निर्धास्त बसवता येईल असा शांत स्वभाव ज्याला ओळखता येतो आणि जपता येतो, तो येणाऱ्या पिढ्यांचंही भलं करतो.