दोन कोस आणि चार लाडू

कोंढरगडचे राजे हैबतराव अंगानं इतके सुटले होते की घोडा त्यांना पाहून मागे सरायचा. अंताजीपंत वैद्यांनी त्यांना रोज दोन कोस चालायला सांगितलं, तेव्हा राजे म्हणाले, "मग तुम्हीही सोबत चला." साठी उलटलेले वैद्यबुवा रोज पहाटे पाय ओढत त्यांच्यामागे निघू लागले. परत आल्यावर राजे डिंकाचे चार लाडू खायचे आणि म्हणायचे, "चालण्यात गेलेली ताकद भरून काढायला नको?" वैद्यबुवा पथ्य सांगून सांगून थकले.

दोन महिन्यांनी राजे तराजूत बसले. वजन जराही उतरलं नव्हतं. ते भर दरबारात कडाडले, "वैद्यबुवा, तुमचा उपाय खोटा! उद्या गाव सोडा."

वैद्यबुवांच्या अंगात आता भांडायचंही त्राण नव्हतं. ते म्हणाले, "जातो, महाराज. जाण्याआधी नवा उपाय सांगतो. उद्यापासून चालूही नका आणि लाडूही खाऊ नका. खुशाल लोडाला टेकून बसा. वजन आजच्याएवढंच राहील."

"मग त्याचा फायदा काय?"

"हाच उपाय आधी सांगितला असता, तर माझे पाय तरी वाचले असते. चालून जे उतरवलंत, ते आपण लाडवांनी पुन्हा चढवलंत."

राजांनी हळूच विचारलं, "पण चालून भूक लागते, तिचं काय?"

"भूक भाकरीनं भागते, महाराज. लाडू आपण बक्षीस म्हणून खाता."

राजे खो खो हसले आणि त्यांनी गाव सोडायचा हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी ते एकटेच चालायला गेले. वैद्यबुवा मात्र उन्हं चढेपर्यंत झोपले.